थैली वाहणारे आणि वही वाचणारे

आपल्या चळवळीच्या लेखनात जमिनीचा प्रश्न येतो, राखीव जागांचा येतो, अत्याचारांचा येतो, साहित्याचा तर येतोच येतो. करांचा प्रश्न मात्र येत नाही. कर हा शेठजींचा, त्यांच्या मुनिमांचा आणि वकिलांचा विषय, आपला त्याच्याशी संबंध काय, अशी एक समजूत आपल्यात खोलवर रुजून बसली आहे. ज्याच्याजवळ काही आहे तो कर भरतो, आपल्याजवळ काही नव्हतेच, मग आपण कर भरला तो कधी, असा एक साधा हिशेब या समजुतीच्या मुळाशी आहे.

हा हिशेब खोटा आहे. आपण कर भरला, पिढ्यान्‌पिढ्या भरला. मिठाच्या चिमटीतून भरला, काडेपेटीतून भरला, चामड्यातून भरला, आणि जिथे पैसा नव्हता तिथे राबणुकीतून भरला. आपण भरला नाही असे कधी झाले नाही. आपण वाचला नाही, एवढेच झाले. कराचा दर काय, माफी कुणाला, नियम कधी बदलला, बदललेला नियम कोणत्या तारखेपासून लागू, हे ज्या कागदावर लिहिलेले असे तो कागद आपल्या हाती येत नव्हता, आणि आला तरी वाचता येत नव्हता. कराच्या ओझ्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. कराच्या नियमाची माहिती कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, याचाही एक इतिहास आहे. तो आपल्या बाजूने वाचायला हवा, कारण तो अजून संपलेला नाही.

१

जुन्या गावगाड्यात करवसुलीचे काम कसे चाले ते पाहा. साऱ्याचा हप्ता आला की खातेदारांना चावडीवर बोलावून आणण्याचे काम महाराचे. जमलेल्या रकमेवर पहारा त्याचा. भरणा घेऊन तालुक्याच्या खजिन्यापर्यंत चालत जाण्याचे काम त्याचे. वाटेत दरोडा पडला तर जीव घालवायचा तो त्यानेच. शेताच्या हद्दीचा वाद निघाला तर धोंडा कुठे पुरला होता हेही त्यालाच विचारायचे. म्हणजे सरकारी महसुलाच्या सगळ्या यंत्रणेत महार पावलोपावली हजर होता. फक्त एका ठिकाणी नव्हता. ज्या वहीत कुणाचे किती येणे आणि कुणाची किती सूट हे लिहिले जाई, त्या वहीपाशी त्याला जागा नव्हती. वही कुलकर्ण्याची. लिपी मोडी. चावडीची पायरी कुणी चढायची हेही ठरलेले.

ज्याच्या प्रामाणिकपणावर गावचा सगळा पैसा विश्वासाने सोपवला जाई, त्याला त्या पैशाचा हिशेब वाचण्याची मुभा नव्हती. जातिव्यवस्थेने श्रमांची वाटणी केली असे म्हणतात. ती श्रमांची वाटणी होती, तशीच माहितीचीही होती.

चर्मकाराची, कोष्ट्याची, तेल्याची, कुंभाराची कथा फार वेगळी नव्हती. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या काळात कसबी लोकांवर आणि दुकानांवर मोहतर्फा नावाचा कर असे. हा कर गावोगाव वेगळा, जातवार वेगळा. कुठे रोखीत, कुठे वस्तूच्या रूपात. असा कर एकोणिसाव्या शतकात उठला तरी त्याची आठवण कारागिराच्या मनात एका भीतीच्या रूपाने राहिली. ती भीती कराची नव्हती. आपल्याला ठाऊक नसलेल्या नियमाने आपल्याला कधीही धरता येते, याची ती भीती होती.

जोतीराव फुल्यांनी या भीतीचे मूळ अचूक ओळखले. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सारा, लोकल फंड, मीठ, जकात या सगळ्यांची झडती घेतली. पण ते केवळ दर जास्त आहेत एवढे म्हणून थांबले नाहीत. कर बसवणारे सरकार आणि कर भरणारा शेतकरी यांच्यामध्ये जो लिहिणारा-वाचणारा वर्ग उभा आहे, तो दोघांनाही फसवतो, आणि शेतकऱ्याची अविद्या हेच त्याचे भांडवल आहे, हा त्यांच्या सगळ्या विवेचनाचा गाभा आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून काम केलेल्या माणसाचे हे निरीक्षण होते. कागद कसा हलतो हे त्यांनी आतून पाहिले होते.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि तलाठ्याच्या कामासाठी अस्पृश्य तरुणांनाही तयार केले, तेव्हा वरवर पाहता ती एक कारभाराची सुधारणा होती. खरे पाहता ती एक क्रांती होती. पिढ्यान्‌पिढ्या थैली वाहणाऱ्याच्या हातात प्रथमच वही आली. त्या काळी जो गहजब झाला तो उगाच झाला नाही. वतन गेल्याचे दुःख होतेच. पण वही कुणाच्या हातात गेली याचा संताप त्याहून मोठा होता.

२

इंग्रजांनी कर छापील कायद्याने बसवायला सुरुवात केली. कायदा छापला गेला म्हणजे तो सर्वांना सारखा कळला, असा एक भ्रम त्यामुळे पसरला. प्रत्यक्षात काय झाले?

१८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० साली या देशात पहिला प्राप्तिकर आणला. तो पाच वर्षांत उठला. १८६७ साली त्याची जागा लायसन्स टॅक्सने घेतली. पुढे पुन्हा प्राप्तिकर आला, १८७३ साली पुन्हा गेला. १८७८ च्या लायसन्स टॅक्सविरुद्ध सुरतेत दंगल झाली. शेवटी १८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा बसला. सव्वीस वर्षांत इतक्या वेळा नाव, दर आणि नियम बदलले. या बदलांमागून धावण्याची ताकद कुणाजवळ होती? ज्यांच्याजवळ वकील होते, मुनीम होते, वर्तमानपत्रे होती, त्यांच्याजवळ. त्यांनी अर्ज केले, सभा भरवल्या, सूट मिळवली. १८८६ च्या कायद्यात वर्षाला पाचशे रुपयांच्या आतले उत्पन्न करमुक्त होते. १९०३ साली ही मर्यादा हजारावर गेली, १९१९ साली दोन हजारांवर. शेतीचे उत्पन्न मोठ्या जमीनदारांसकट वगळलेले होते.

आता मिठाकडे पाहा. १८८२ साली मणाला दोन रुपये कर. १८८८ साली अडीच रुपये. १९०३ साली पुन्हा दोन, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. दर वर गेला आणि खाली आला, पण यात मर्यादा नावाची गोष्टच नव्हती. इतके मीठ खाणाऱ्या गरिबाला माफ, असे कुठे लिहिलेले नव्हते. ज्याला नियम वाचता येतो त्याच्या करात माफीची मर्यादा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या करात माफी मुळीच नाही, अशी ही दोन पारड्यांची व्यवस्था होती.

या दोन पारड्यांवर विधिमंडळात बोट ठेवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे कौन्सिलमध्ये अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच प्रश्न विचारला. प्राप्तिकराला उत्पन्नाची मर्यादा आहे, वर्षभरात उत्पन्न झाले नाही तर कुणी कर मागत नाही. मग जमीनसारा मात्र प्रत्येक शेतकऱ्याकडून, त्याचे उत्पन्न कितीही तुटपुंजे असले तरी, का घ्यायचा? या प्रश्नात भावनेचा ओलावा नाही. तो एका करशास्त्रज्ञाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते.

बाबासाहेबांचे हे रूप आपण जवळजवळ विसरलो आहोत. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी एम. ए. साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर आहे. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्रा. सेलिग्मन हे करशास्त्रातले जगन्मान्य नाव. भारतात परतल्यावर बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले, आणि पुढे वकिली करत असताना मुंबईतल्या बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. म्हणजे ज्या वह्या वाचण्याची आपल्या बापजाद्यांना बंदी होती, त्या वह्या वाचणाऱ्यांची एक पिढी हा महाराचा मुलगा घडवत होता. आपण त्यांचा फोटो लावतो तेव्हा त्यांच्या हातातले पुस्तक दिसते. त्या पुस्तकांत कराचीही पुस्तके होती, हे ध्यानात घेत नाही.

आणि ही विद्या त्यांनी ग्रंथालयात ठेवून दिली नाही. महार वतनाच्या जमिनीवर जुडी नावाचा सवलतीचा सारा असे. गावची आणि सरकारची कामे राबून करायची म्हणून ती सवलत. सरकारने ती जुडी वाढवली तेव्हा बाबासाहेबांनी १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला आणि १९४१ च्या ऑगस्टात सिन्नरला परिषदा घेतल्या. त्यांचा मुद्दा सरळ होता. काम तेच राबवून घ्यायचे, मोबदला वाढवायचा नाही, आणि वरून साराही वाढवायचा, हा कोणता न्याय? त्या परिषदांना जमलेल्या वतनदार महारांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण जुडी म्हणजे काय, ती का वाढली आणि ती वाढवणे अन्यायाचे का, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितले होते. समजल्याबरोबर ते उठले. करनियम समजावून सांगणे हे चळवळीचे काम असते, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा? ती वतने पुढे १९५८ च्या कायद्याने संपली.

संविधानाचे २६५ वे कलम एका ओळीचे आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, एवढेच ते सांगते. या कलमाचा अर्थ न्यायालयापुरता नाही. दारात कर मागायला आलेल्या कोणत्याही माणसाला, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या नियमाने मागतोस ते दाखव, असे विचारण्याचा हक्क त्यात आहे. पण हा हक्क वापरायचा तर आज चालू असलेला नियम कोणता, हे विचारणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

३

स्वातंत्र्यानंतर नियमांची संख्या वाढली, त्यांच्या बदलांचा वेगही वाढला. मुंबई प्रांतात १९४६ साली विक्रीकराचा कायदा झाला. तो बदलत बदलत १९५९ च्या कायद्यापर्यंत आला. १ एप्रिल २००५ पासून त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने. मध्ये जकातही गेली.

या सगळ्या करांत एक कर आपल्या विशेष जिव्हाळ्याचा असायला हवा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसायकराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून काढून खेड्यातल्या भूमिहीनाच्या हाताला काम द्यायचे, हा त्यामागचा विचार. त्या कामांवर खडी फोडणारे हात कुणाचे होते हे वेगळे सांगायला नको. दर महिन्याला पगारपत्रकावर तो आकडा दिसतो, पण तो कशासाठी सुरू झाला हे आपल्या शिक्षक-कारकुनांपैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि याच कायद्यात १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना पंचवीस हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना कर माफ झाला. पूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. कंत्राटावर झाडू मारणाऱ्या बाईच्या पगारातून त्यानंतरही कपात होत राहिली, तर ते तिला कोण सांगणार? कंत्राटदार सांगणार नाही. तिच्या घरातला शिकलेला मुलगा सांगू शकेल, त्याला माहीत असेल तर.

आता चपलेची गोष्ट सांगतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात हाताने चपला करणारी चर्मकार घरे अजून आहेत. वस्तू व सेवा कर आला तेव्हा पाचशे रुपयांपर्यंतच्या पादत्राणाला पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के असा दर होता. त्यातही एक अट होती. किंमत चपलेवरच न पुसणाऱ्या अक्षरांत उमटवलेली हवी. कारखान्यातल्या साच्याला हे सोपे. ऐरणीवर बसून चामडे ठोकणाऱ्याने किंमत कशाने उमटवायची? २०१८ च्या जुलैत पाचशेची मर्यादा हजारावर गेली. १ जानेवारी २०२२ पासून हजाराच्या आतल्या चपलेचा दर पाचाचा बारा टक्के झाला. त्याच वर्षी १८ जुलैपासून तयार चामड्याचा दरही पाचाचा बारा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चामडे पुन्हा पाच टक्क्यांवर आले, आणि अडीच हजारांपर्यंतच्या चपलेलाही पाच टक्के दर लागला. म्हणजे नऊशे रुपयांच्या एका जोडावर २०२१ साली ४५ रुपये कर, २०२२ साली १०८ रुपये, आणि २०२५ च्या अखेरीस पुन्हा ४५ रुपये. चप्पल तीच, चामडे तेच, करणारे हातही तेच.

दर बदलतो तेव्हा नुकसान कुणाचे होते? मोठ्या दुकानाचा संगणक रात्रीतून नवा दर घेतो. छोट्या माणसाला तो महिन्याने कळतो, आणि त्या महिन्याचा फरक त्याच्या मजुरीतून जातो. दर खाली येतो तेव्हाही तसेच. व्यापारी जुन्या दराचे कारण सांगून भाव पाडून मागतो, आणि दर उतरल्याचे कारागिराला ठाऊकच नसते.

खरे म्हणजे कायद्याने या माणसाचा विचार केला होता. वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची गरज नव्हती. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा चाळीस लाख झाली. त्यापुढच्या लहान धंद्यांना आपसमेळ योजना होती. खरेदीवरच्या कराची वजावट मिळणार नाही, गिऱ्हाइकाकडून कर मागता येणार नाही, पण उलाढालीवर अल्प टक्का भरून मोकळे होता येईल, अशी ती योजना. माल तयार करणाऱ्याला त्यात सुरुवातीला दोन टक्के भरावे लागत. १ जानेवारी २०१८ पासून तो दर एक टक्का झाला. मग एवढ्या चर्मकारांनी गरज नसताना नोंदणी का केली? कारण पहिल्या साडेतीन महिन्यांत एक नियम असा होता की, नोंदणी नसलेल्याकडून दिवसाला पाच हजारांहून जास्त माल घेतला तर त्यावरचा कर घेणाऱ्या व्यापाऱ्यानेच भरायचा. साहजिकच व्यापारी म्हणू लागले, नंबर काढ, नाहीतर माल घेत नाही. तो नियम १३ ऑक्टोबर २०१७ रोजी स्थगित झाला. नियम गेला, पण काढलेले नंबर राहिले, आणि दर महिन्याला विवरणपत्र भरण्याचे बंधनही राहिले.

आमच्या वस्तीतला असाच एक कारागीर २०२२ च्या जानेवारीत माझ्याकडे आला. माझ्या एका विद्यार्थ्याचा तो बाप. हातात कागद. म्हणाला, “सर, एवढं वाचून दावा की. इंग्रजीत हाय.” विवरणपत्रे न भरल्याबद्दलची ती नोटीस होती. २०१७ साली व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने नंबर काढला. पुढच्याच वर्षी त्या व्यापाऱ्याने माल घेणे बंद केले. याने मानले की धंदा नाही म्हणजे भरायचे काही नाही. पण नियम असा की विक्री शून्य असली तरी शून्याचे विवरण भरायचे, नाहीतर दिवसाला वीस रुपये विलंबशुल्क. दर महिन्याचे विवरण वेगळे, प्रत्येकाचे शुल्क वेगळे. मी चौकशी केली तेव्हा कळले की, सरकारने अशा लोकांसाठी सूट जाहीर केली होती. जुलै २०१७ ते एप्रिल २०२१ या काळातले शून्य करदेय असलेले प्रत्येक थकलेले विवरण जास्तीत जास्त पाचशे रुपयांत निकालात निघत होते. मुदत होती ३० नोव्हेंबर २०२१. तो माझ्याकडे पोचला तेव्हा मुदत संपून दीड महिना उलटला होता.

मी इतिहास शिकवतो. एम. ए. झालो आहे. ती सूट वर्तमानपत्रात आली असणार, ते वर्तमानपत्र माझ्या घरी येत होते, आणि ती बातमी मी वाचली नव्हती, कारण कर हा माझा विषय नाही अशी माझीही समजूत होती. त्याने मला दोष दिला नाही. “आमचंच चुकलं,” म्हणाला. हे ‘आमचंच चुकलं’ मला अजून टोचते. गुन्हा कुणाचा आणि कबुली कुणाची!

४

व्यक्तीच्या प्राप्तिकरातही हाच प्रकार आहे. १९६१ च्या कायद्याखाली लहान कंत्राटदाराच्या बिलातून एक टक्का कर मुळातच कापला जाई, आणि पॅन दिला नाही तर वीस टक्के. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला हा पैसा परत मिळतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. उशिरा भरायची अखेरची तारीख गेली की तो पैसा सामान्यतः सरकारजमा होतो. निवृत्त चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या ठेवीच्या व्याजातून असाच कर कापला जाई. आपले उत्पन्न करपात्र नाही असे लेखी कळवले की कापला जात नसे. ज्येष्ठांच्या व्याजावरची कपातीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून पन्नास हजारांची एक लाख झाली. या सवलती गरिबासाठीच आहेत. त्या घेतो मात्र जाणता.

त्यात मथळ्यांचा घोटाळा वेगळाच. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ असा मथळा फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळीकडे झळकला. वाचणाऱ्याने मानले, आता विवरणपत्राचीही कटकट संपली. पण ती सूट २०२५-२६ या वर्षापासून आणि नव्या करपद्धतीतच होती. मूळ करमुक्त मर्यादा चार लाखांचीच होती, आणि त्यावर उत्पन्न गेले तर कर शून्य निघाला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदाच जाऊन २०२५ चा नवा कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले. जुने जे थोडे पाठ झाले होते तेही पुन्हा शिकायचे.

कुणी म्हणेल, चळवळीने आता मुनिमाचे काम करायचे का? कुणी याहून पुढे जाऊन म्हणेल, गरिबाला आज्ञाधारक करदाता बनवणे हा सरकारचा धंदा, तो आपण का करावा? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, पण ते अर्धेच पाहतात. करनियम जाणणे म्हणजे केवळ भरणे नाही. जे लागू नाही ते न भरणे, जे जास्त कापले ते परत मागणे, जी सूट आहे ती हक्काने घेणे, आणि जो नियम अन्यायाचा आहे तो नेमका कोणत्या ओळीत अन्यायाचा आहे हे दाखवणे, हे सगळे त्यात येते. चपलेवर किंमत उमटवण्याची अट हाताने काम करणाऱ्याला कशी नाडते, हे त्या अटीची अधिसूचना वाचल्याशिवाय कुणाला सांगता येणार? आणि जो आपण किती भरतो हे जाणतो, तोच अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी कुठे गेला हेही जोरकसपणे विचारू शकतो. जमा आणि खर्च ही एकाच वहीची दोन पाने आहेत. एक पान न वाचता दुसऱ्यावर भांडता येत नाही.

काम फार मोठे नाही. आपल्या वस्त्यांत वाचनालये आहेत, विहारांत फळे आहेत, कॉलेजात शिकणारी मुले आहेत. वर्षातल्या काही तारखा ठरलेल्या आहेत. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, एप्रिलच्या पहिल्या तारखेला बहुतेक नियम बदलतात, आणि जीएसटी परिषदेची बैठक झाली की काही दिवसांत अधिसूचना निघतात. प्रत्येक वेळी एका तक्त्यावर चार रकाने मांडावेत. जुना नियम काय होता, नवा काय झाला, कोणत्या तारखेपासून, आणि आपल्यापैकी कुणाला लागू. तक्ता मराठीत लिहावा आणि वाचून दाखवावा. भाषणातली घोषणा आणि निघालेली अधिसूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात पहिल्या ओळीत सांगावे. कारण घोषणेवर विसंबून वागणारा माणूस फसतो, आणि अधिसूचना इंग्रजीत नाहीतर हिंदीत असते. वाणिज्य शाखेच्या दोन मुलांनी एका वस्तीचे हे काम वर्षभर केले तर पन्नास-साठ घरांचा प्रश्न सुटेल. पैसे घेऊन फॉर्म भरणारा आणखी एक दलाल निर्माण करायचा नाही. पुढच्या वर्षी त्या कारागिराच्या मुलीने तो तक्ता स्वतः लिहावा, इथपर्यंत जायचे आहे.

एके काळी लिपी मोडी होती आणि वही चावडीत होती. मग कायदा इंग्रजीत आला आणि कचेरीत बसला. आता तो संगणकाच्या पडद्यावर आहे आणि कुणालाही उघडता येतो. चावडीची पायरी चढायला आता मज्जाव नाही. तरीही माझ्या वस्तीतला एक कसबी माणूस साध्या पाचशे रुपयांच्या सवलतीपर्यंत पोचू शकला नाही, कारण त्याच्या आणि त्या पडद्याच्या मधे मी बसलो होतो, आणि मी ते पान उघडले नव्हते.

आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांची थैली डोक्यावर घेऊन कोसन्‌कोस तुडवले. त्यांना वही दाखवायला कुणी नव्हते. आपल्यापाशी ती सबब नाही.